दगड कठीण, तरी विहीर का ढासळते?

अर्धापूर तालुक्यात जमिनीखाली सगळ्यांत जास्त खोदकाम कशाचं झालं असेल, तर ते विहिरींचं. इसापूर धरणाचा कालवा आला, केळीच्या बागा वाढल्या, तरी मे महिन्यात बाग तगवायची वेळ येते तेव्हा भरवसा विहिरीचा आणि बोअरचाच. पन्नास-साठ फूट खोल आणि वीस-पंचवीस फूट रुंद अशी पोकळी शेतात पाडायची म्हणजे काही लहान काम नव्हे. बोगद्याला नकाशे असतात, भूशास्त्रज्ञाचा अहवाल असतो. विहिरीला असतात यारी, सुरुंगाच्या कांड्या, पहार, घण आणि खोदणाऱ्याचा अनुभव. खडकाच्या दृष्टीने मात्र विहीर आणि बोगदा यांत फरक नाही. त्याच्या पोटातला काही भाग कुणीतरी काढून घेतलेला असतो, आणि तो भाग जे ओझं पेलत होता ते आता शेजारच्या खडकाला पेलावं लागतं.

‘काळा पाषाण लागला, आता काळजी नाही’ हे वाक्य मराठवाड्यात विहिरीच्या काठावर हमखास ऐकू येतं. पाण्याच्या दृष्टीने ते निराशेचं असतं, सुरक्षिततेच्या दृष्टीने दिलाशाचं. त्यातली निराशा बऱ्याचदा खरी ठरते. दिलासा मात्र तपासून घ्यावा असा आहे.

खाली उतरताना काय काय लागतं ते आधी पाहू. वर काळी माती. तिच्याखाली बहुतेक ठिकाणी चुनखडीचा पांढुरका थर, मग मुरूम. मुरमाखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा, त्या पोकळ्यांत पांढरे-हिरवट खडे भरलेला खडक. मग घट्ट काळा पाषाण. कधीकधी पाषाणाच्या तळाशी अचानक गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो, आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. हा क्रम योगायोगाने आलेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोटच्या लोट पसरले. प्रत्येक लोटाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, त्याचा मांजऱ्या झाला. पोटाचा भाग सावकाश निवला, तो घट्ट झाला. पण निवताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. पुढचा लोट यायला उशीर झाला तेवढ्या काळात आधीच्या लोटाचा माथा ऊन-पावसाने कुजला आणि त्याची तांबडी माती झाली. पुढच्या लाव्हाने ती भाजली आणि गाडून टाकली. भूशास्त्रज्ञ तिला रेड बोल म्हणतात. कुठे ती बोटभर जाडीची असते, कुठे पुरुषभर.

आता थोडं गणित. बेसॉल्टची घनता पाण्याच्या जवळपास 2.9 पट. म्हणजे 100 मीटर जाडीच्या काळ्या खडकाचं ओझं खालच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 29 किलो पडतं. पन्नास फुटांच्या विहिरीच्या तळाशी हा आकडा साडेचार किलोच्या आत. हजार फुटांच्या बोअरच्या तळाशी सुमारे 88 किलो. आणि ताज्या, न कुजलेल्या घट्ट बेसॉल्टचा तुकडा प्रयोगशाळेत दाबून फोडायचा तर दर चौरस सेंटिमीटरला हजार ते दोन हजार किलो लागतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे नुसत्या ओझ्याने विहिरीतला पाषाण चिरडला जाईल, ही शक्यताच नाही.

पण पोकळीभोवतीचं ओझं सरळ खाली उतरत नाही. गोदावरीला पूर आला की पुलाच्या खांबापाशी पाण्याची धार दुभंगते, दोन्ही अंगांना दाटते आणि खांब ओलांडून पुन्हा एक होते. खडकातला दाबही पोकळीपाशी असाच दोन्ही कडांना दाटतो. किती दाटतो, याचं उत्तर 1898 मध्ये एर्न्स्ट गुस्ताव किर्श या जर्मन अभियंत्याने कागदावर काढलं, आणि सव्वाशे वर्षांनंतरही बोगद्याचा प्रत्येक अभियंता तिथूनच सुरुवात करतो. दाब सगळ्या बाजूंनी सारखा असेल, तर गोल भोकाच्या कडेवर तो दुप्पट होतो. दाब फक्त वरून असेल, तर आडव्या बोगद्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर तो तिप्पट होतो. आणि छतावर दाब राहत नाहीच, उलट खडक दोन्हीकडे ओढला जातो. इथे खडकाची खरी दुबळी बाजू उघडी पडते. दाब सोसण्याची खडकाची जी ताकद असते, तिच्या साधारण दहावा हिस्साच ओढ सोसण्याची असते. भेग असेल तिथे तर तीही नसते.

किर्शचं गणित गृहीत धरतं की खडक एकसंध आहे, सगळीकडे सारखा आहे आणि त्याला भेगा नाहीत. मराठवाड्यातला कुठला खडक तसा आहे? वर सांगितलेला क्रम पुन्हा एकदा वाचा. गणित जिथे संपतं तिथून भूशास्त्राचं काम सुरू होतं.

घट्ट पाषाणातल्या उभ्या भेगांचंच पाहा. या भेगांनी खडकाचे खांब आणि ठोकळे केलेले असतात. एकेक ठोकळा पोलादासारखा, पण शेजारच्याशी त्याचं नातं फक्त घासण्याचं. दोन ठोकळ्यांना एकमेकांवर दाबून धरणारा आडवा दाब जोवर आहे तोवर सगळं जागच्या जागी. खोदकामाने एक बाजू मोकळी केली की कडेजवळचा दाब सुटतो, ठोकळे सैल होतात. त्यांच्या बुडाशी तांबडा पट्टा असेल आणि तो पाण्याने भिजला, तर पायाच सरकतो. बोलामध्ये फुगणारी चिकणमाती असते. कोरडा असताना तो दगडासारखा वाटतो, पहारीला दाद देत नाही. भिजला आणि पुन्हा वाळला की पापुद्रे सुटून भुगा होतो. मग वरचा दोन-तीन टनांचा ठोकळा कुठलीही पूर्वसूचना न देता खाली येतो. ताकदीच्या चाचणीत हाच पाषाण पहिल्या नंबरात आलेला असतो.

याउलट मांजऱ्या. ताकदीत तो पाषाणाहून कमी, घणाच्या दोन घावांत फुटणारा. पण ताज्या मांजऱ्यात भेगा फार कमी असतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये धरणं आणि बोगदे बांधणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे: न कुजलेल्या मांजऱ्यातली लांबच्या लांब भिंत आधाराशिवाय उभी राहते, पाणीही फारसं झिरपू देत नाही, आणि शेजारच्या कठीण पाषाणात मात्र ठोकळे पडतात, पाणी गळतं. मांजऱ्याचं दुखणं वेगळं. काही प्रकार हवा-पाणी लागल्यावर काही महिन्यांत कुजू लागतात, म्हणून उघडा पडला की त्यावर लगेच काँक्रीटचा फवारा मारावा लागतो. विहिरीत कुणी तसा मारत नाही. विहिरीत जो मांजऱ्या लागतो तो बहुधा आधीच थोडा कुजलेला असतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

म्हणून खडक कठीण आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. भेगा कुठल्या दिशेला, किती अंतरावर. मऊ थर कुठे. आणि दाब कुठून येतो, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. पहिल्या दोनांची उत्तरं डोळ्यांनी दिसतात. तिसऱ्याचं दिसत नाही, आणि ते उत्तर मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीला भूकंप झाला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की इथे जमीन खचली नव्हती, एक भाग दुसऱ्या भागावर चढला होता. किल्लारीजवळच्या शेतांत तसे उंचवटे उघड दिसत होते. खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढतो तो एकाच परिस्थितीत: बाजूने येणारा दाब वरच्या ओझ्यापेक्षा जास्त असेल तेव्हाच. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, हिमालयापाशी त्याला अडसर आहे, आणि त्या रेट्याचा दाब लातूरपर्यंतच काय, पार दक्षिणेपर्यंत खडकात साठलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीला 617 मीटर खोल बोअर घेतला. त्यात 338 मीटर बेसॉल्ट, मग आठ मीटर जुना गाळ आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी नाइस खडक लागला. आपण ज्याला ‘मराठवाड्याचा दगड’ म्हणतो तो इथे जेमतेम एक तृतीयांश किलोमीटर जाड आहे. पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यातच देगलूर-बिलोलीकडे जा, लाव्हाचे थर विरळ होत संपतात आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. पश्चिमेला कोयनेच्या परिसरात मात्र हीच जाडी सव्वा किलोमीटरला भिडते.

अर्धापूर या दोन टोकांच्या मधे आहे, आणि इथली जमीन अगदी गप्प नाही. 2006 च्या अखेरीपासून नांदेड शहरात लहान लहान धक्के आणि जमिनीतून गडगडाटाचे आवाज यांची मालिकाच सुरू झाली होती. हैदराबादच्या संस्थेने भूकंपमापक बसवले, तेव्हा हे धक्के अगदी उथळ असल्याचं दिसलं. 21 मार्च 2024 च्या सकाळी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 रिश्टरचा आणि पाठोपाठ 3.6 चा धक्का बसला. 10 जुलैच्या सकाळी पुन्हा 4.5 चा. नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. असे धक्के म्हणजे खडकात साठलेल्या दाबाची छोटी-मोठी सुटका. त्यांनी विहिरी कोसळतात असं म्हणायचं नाही; तसं म्हणणं घाईचं होईल. मुद्दा एवढाच की बाजूचा दाब ही पुस्तकी कल्पना नाही, आपल्या पायाखाली तो आहे.

आता हा दाब विहिरीला हिताचा की घाताचा? बऱ्याच अंशी हिताचा. विहीर उभी पोकळी आहे. तिच्या भिंतीवर बाजूने दाब आला की गोल कडा आवळली जाते, ठोकळे एकमेकांत घट्ट बसतात. जुन्या कारागिरांनी विहिरी गोल ठेवल्या त्यामागे हा शहाणपणा आहे. चौकोनी विहिरीत कोपऱ्यांवर दाब दाटतो आणि सरळ भिंतींच्या मध्यावर तो सुटतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. जुन्या चौकोनी बारवा टिकल्या, त्या पायऱ्यांनी टप्प्याटप्प्याने रुंद होत वर येतात म्हणून.

आडव्या पोकळीत हिशेब उलटतो. बाजूचा दाब वरच्यापेक्षा जास्त असेल, तर दाब भिंतींवर न दाटता छतावर आणि तळावर दाटतो. मध्यम दाबाने छतातले ठोकळे एकमेकांना धरून राहतात, ते चांगलंच. तो फार वाढला तर छताचे पापुद्रे सुटतात. म्हणून डोंगराच्या पोटात वीजघरासारखी मोठी गुहा खोदताना तिची लांब बाजू शक्यतो सगळ्यांत मोठ्या आडव्या दाबाच्या दिशेने ठेवतात, म्हणजे लांब भिंतींवर त्याचा मारा कमी होतो. पण तीच दिशा भेगांच्या मुख्य दिशेशी जुळली तर भिंतीच्या भिंती सुटतात, त्यामुळे तडजोड करावी लागते. महाराष्ट्रात अशी वीजघरं कोयनेला पोफळीपासून ते घाटघरपर्यंत आहेत. सह्याद्रीच्या कड्याजवळ आणखी एक अडचण येते. कड्याच्या बाहेर खडकच नाही, त्यामुळे कड्यालगतचा बाजूचा दाब सुटलेला असतो आणि उभ्या भेगा उघडलेल्या असतात. वीजघराकडे चारशे मीटरहून अधिक उंचीवरून पाणी उतरतं, म्हणजे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला चाळीस किलोहून जास्त दाब. खडकातला सगळ्यांत कमी दाब जर याहूनही कमी असेल, तर पाणी भेगा उघडत डोंगरात शिरतं. म्हणून अशा बोगद्याचा खालचा भाग पोलादी अस्तराचा करतात.

दाबाची दिशा कळते कशी? इथे मला सगळ्यांत आवडणारी युक्ती सांगतो. बोअर हीसुद्धा पोकळीच. खोल गेल्यावर तिच्याही कडेवर दाब दाटतो, आणि जिथे तो खडकाला झेपत नाही तिथे भिंतीचे कपचे उडतात, नेमके समोरासमोर, सगळ्यांत मोठ्या आडव्या दाबाशी काटकोनात. बोअरमध्ये कॅमेऱ्यासारखं उपकरण सोडून या कपच्यांच्या जागा टिपल्या की दाबाची दिशा हाती येते. कोयना परिसरात गोठणे इथे शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर घेतला. 2017 मध्ये तो पूर्ण झाला. वरचे जवळपास 1,250 मीटर बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइटी खडक. भिंतीला झालेल्या अशाच इजांवरून तिथली दाबाची दिशा वाचण्यात आली. या कामासाठी कराडला केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. दिशेबरोबर दाब किती तेही हवं असेल, तर बोअरचा थोडा भाग दोन्हीकडून बंद करून त्यात पाणी दाबतात आणि भिंत किती दाबाला फुटते, भेग किती दाबाला मिटते ते मोजतात.

थरांच्या जोडीमुळे आणखी एक गंमत होते. बाजूने रेटा आला की घट्ट पाषाण आणि मऊ बोल दोघंही सारखेच आवळले जातात. पण पाषाण ताठ, तो तेवढ्यासाठी खूप दाब अंगावर घेतो. बोल मऊ, तो थोडक्यात निभावतो. त्यामुळे एकाच बोअरमध्ये काही मीटरच्या अंतरावर दाब कमी-जास्त होतो. ताठ खडक दाब ओढून घेतो, हे तत्त्व खोल खाणीत जीवघेणं ठरतं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत चँपियन रीफ ही शाखा 3.2 किलोमीटर खोल गेली होती. वरचंच गणित लावा: तिथे नुसतं ओझं दर चौरस सेंटिमीटरला नऊशे किलोच्या वर, पोकळीच्या कडेवर दुप्पट. आता आकडा खडकाच्या ताकदीशी बरोबरी करतो. त्यात सोन्याच्या शिरांना छेदणाऱ्या ताठ खडकाच्या उभ्या भिंती आणि जुने प्रस्तरभंग. अशा ठिकाणी खडक स्फोटासारखा फुटायचा आणि वर वस्तीत भूकंपासारखा धक्का जाणवायचा. या अभ्यासासाठी राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था 1988 मध्ये कोलारलाच स्थापन झाली. खाण 2001 मध्ये बंद पडली.

विहीर आणि कोलार यांत हाच फरक आहे. कोलारला दाब खडकाला फोडतो. विहिरीत दाब इतका थोडा असतो की तो ठोकळ्यांना धरून ठेवायलाही पुरत नाही. उथळ खोदकामात माणसं मरतात ती दाबाच्या जास्तीने नव्हे, त्याच्या कमतरतेने.

त्यात आपण भर घालतो. सुरुंगाचा बार जरा जड भरला की भिंतीच्या आतपर्यंत नव्या भेगा जातात आणि जुन्या उघडतात. पाणी वाढावं म्हणून आडवे बोअर घेतात. पाणी दोन लोटांच्या सांध्यात मिळतं म्हणून आडवा बोअर बरोबर तिथेच, तांबड्या पट्ट्याच्या आसपास घेतला जातो. पाण्याबरोबर त्या पट्ट्याची माती वाहून येऊ लागली, की वरच्या पाषाणाखाली पोकळी होते. आणि पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर मोटारीने एकदम उपसली, तर मातीत आणि मुरमात साचलेलं पाणी तिथेच राहतं, आतून भिंतीला रेटतं. समोरून तिला धरणारं पाणी मात्र गेलेलं असतं. नव्याकोऱ्या बांधकामासकट कडा खाली जाते ती अशा वेळी. सिमेंटच्या रिंगला पाणी निघायला भोकं ठेवलेली नसतील आणि मागे खडी भरलेली नसेल, तर रिंग जितकी मजबूत तितका धोका मोठा.

वणी-चंद्रपूरच्या भूमिगत कोळसा खाणींत पाळी सुरू होण्याआधी मायनिंग सरदार काठीने छत ठोकून ऐकतो. खणखणीत आवाज आला तर छत धरून आहे, बद्द आला तर वरून सुटलं आहे. विहीर खोदणारे जुने वडार कारागीरही पहारीने असंच ऐकायचे. यारी आणि यंत्रं आल्यावर हे ऐकणं मागे पडलं. यंत्राने खोदकाम झटपट होतं, पण ठोकळा सैल आहे की नाही हे त्याला कळत नाही.

या उन्हाळ्यात विहीर खोदायला किंवा खोल करायला काढणार असाल, तर चार गोष्टी कराच. कोणत्या फुटाला माती संपली, मुरूम संपला, पाषाण लागला, तांबडा पट्टा लागला, हे वहीत लिहून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा; भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नांदेड कार्यालयात ही माहिती कामाची आहे, शेजाऱ्याच्या विहिरीलाही. तांबड्या पट्ट्यावर उभा असलेला पाषाण आधी उतरवा किंवा तो पट्टा बांधून घ्या, मगच खाली काम चालू करा. बार उडवल्यावर आणि मोठा पाऊस पडल्यावर पहिला माणूस उतरण्याआधी भिंत ठोकून ऐका. आणि आवाज बद्द आला, तर त्या दिवशी कुणालाही खाली सोडू नका, मजुरी बुडाली तरी चालेल.